‘डिस्प्ले ड्रायव्हर स्टॉप्ड रिस्पॉन्डिंग’: ड्रायव्हर पुन्हा टाकण्याआधी पॉवरच्या वायरी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पीसी स्वतः जोडलेला आहे. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० बोर्ड, ३६०० ची १६ जीबी रॅम, सेकंड हँड घेतलेलं आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्ड, जुन्या पीसीतून काढून लावलेला ६५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), आणि कार्ड काचेतून छान दिसावं म्हणून रायझर केबलवर (कार्ड आणि स्लॉट जोडणाऱ्या पट्टीवर) उभं बसवलेलं. गेम सुरू करून पंधरा-वीस मिनिटं झाली की स्क्रीन काळी होते, आवाज चालूच राहतो, मग गेम बंद पडून डेस्कटॉप येतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ‘डिस्प्ले ड्रायव्हर स्टॉप्ड रिस्पॉन्डिंग अँड हॅज सक्सेसफुली रिकव्हर्ड’ दिसतं. ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकून झाला, विंडोजही नव्याने टाकून झालं, आणि आता दुकानदार म्हणतोय की कार्डच बदला.

कार्ड बदलू नका, निदान आत्ता तरी नाही. ड्रायव्हरही परत टाकत बसू नका. संदेशात ड्रायव्हरचं नाव येतं म्हणून सगळे त्याच्याच मागे लागतात, आणि होतं काय, तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तुमच्या पार्ट्सची यादी वाचून माझा पहिला संशय एसएमपीएस आणि त्याच्या वायरींवर आहे, दुसरा रायझरवर, तिसरा रॅमच्या एक्सएमपीवर (रॅम तिच्या छापील वाढीव वेगाने चालवणारी सेटिंग). ड्रायव्हरचा नंबर त्यानंतर लागतो. असं का म्हणतो ते सांगतो.

विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने एक सोय केली, टीडीआर नावाची. जीपीयूला (कार्डवरच्या मुख्य चिपला) दिलेलं काम दोन सेकंदांत पूर्ण झालं नाही आणि मध्येच थांबवताही आलं नाही, तर विंडोज समजतं की जीपीयू अडकला. मग ते ड्रायव्हरला सांगून जीपीयू रीसेट करून घेतं आणि इव्हेंट ४१०१ ची नोंद करतं. रीसेट जमला नाही तर निळी स्क्रीन येते, तिचा कोड ११६. एका मिनिटात पाचपेक्षा जास्त वेळा अशी पाळी आली तरी विंडोज निळ्या स्क्रीनवर जातं. म्हणजे ४१०१ चा अर्थ एवढाच की जीपीयूने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही. का दिलं नाही, ते त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. वीज कमी पडली, रॅममधून चुकीचा डेटा आला, केबलमध्ये सिग्नल बिघडला, मेमरी तापली, नाहीतर ड्रायव्हरमध्ये खरंच बग आहे, यातलं काहीही झालं तरी शेवटी नोंद तीच.

म्हणून लक्षण नीट बघायचं. स्क्रीन काळी होऊन डेस्कटॉप परत येतो, तेव्हा कार्ड रीसेट झालं आणि पुन्हा उभं राहिलं. स्क्रीन काळी, कार्डचे पंखे एकदम फुल स्पीडला, आणि रीसेटचं बटण दाबल्याशिवाय काहीच हलत नाही, तेव्हा बोर्डाचा कार्डशी संपर्कच तुटलेला असतो. तिथे वीज किंवा कार्ड यांवर संशय घ्यावा. अख्खा पीसी बंद पडून आपोआप सुरू होतो आणि नोंदीत फक्त कर्नल-पॉवर ४१ सापडतं, तेव्हा बहुतेक वेळा एसएमपीएसने स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडलेली असते. रंगीत चौकोन, ठिपके, फाटलेली चित्रं दिसली तर कार्डची मेमरी बघायची. तुमचं लक्षण पहिल्या प्रकारचं आहे. चारही प्रकारांत हे सगळ्यात सौम्य आहे, आणि त्याची कारणंही सगळ्यात जास्त आहेत.

आता इव्हेंट व्ह्यूअर पुन्हा उघडा, पण ४१०१ सोडून त्याच्या आगेमागे त्याच मिनिटाला आणखी काय आहे ते वाचा. ‘व्हिया लॉगर’ (WHEA-Logger) या नावाच्या, हार्डवेअरच्या चुकांच्या नोंदी शोधा. त्यात १७ नंबर दिसला तर पीसीआय एक्स्प्रेसच्या मार्गावर डेटा बिघडतोय आणि दुरुस्त होतोय, म्हणजे रायझर, स्लॉट किंवा कार्डचे काँटॅक्ट. १८ दिसला तर प्रोसेसर, १९ दिसला तर रायझनमध्ये बहुधा रॅम आणि फॅब्रिकचा (प्रोसेसरच्या आतल्या जोडमार्गाचा) वेग. ‘एनव्हीएलडीडीएमकेएम’ (nvlddmkm) नावाने येणाऱ्या नोंदी एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्याच असतात. त्या वाचून घाबरू नका, त्या फक्त तक्रार नोंदवतात. सोबत रिलायबिलिटी मॉनिटर उघडून ‘लाइव्ह कर्नल इव्हेंट १४१’ आहे का बघा. तो असेल तर जीपीयू खरोखरच हार्डवेअरच्या पातळीवर अडकला होता, असं समजून पुढे चला.

आता विजेकडे. ३०८० ची नेमून दिलेली मर्यादा ३२० वॉट आहे आणि एनव्हिडियाने त्यासाठी ७५० वॉटचा एसएमपीएस सुचवला होता. तुमच्याकडे ६५० चा आहे. चांगल्या कंपनीचा, नवा ६५० या जोडीला चालवू शकतो, हे मान्य. पण एक तर तो जुना आहे, आणि या पिढीच्या कार्डांची खोड अशी की सरासरी ३२० वॉट दिसत असलं तरी मिलिसेकंदांपुरती ओढ ४०० च्या पुष्कळ वर उडी मारते. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद सोसावा अशी अट घालावी लागली, ती अशाच झटक्यांमुळे. त्याआधीच्या एसएमपीएसवर ही अट नव्हती.

वायरी हा त्याहून दुर्लक्षित भाग. पीसीआय स्लॉटमधून ७५ वॉट मिळतात आणि प्रत्येक ८ पिन कनेक्टरला १५० वॉट धरलेले असतात. तुमच्या कार्डला दोन ८ पिन असतील तर हिशेब ३७५ चा होतो, आणि तो पुरतो. पण एसएमपीएसपासून निघालेली वायर एकच असेल आणि तिच्याच टोकाला दोन कनेक्टर लटकत असतील, तर दोन वायरींचा भार एकीवर येतो. पीसी बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करा, कनेक्टर काढा आणि मोबाइलच्या टॉर्चमध्ये नीट बघा. प्लॅस्टिकचा एखादा कप्पा बाकीच्यांपेक्षा तपकिरी झालाय का, धातूची एखादी पिन मागे सरकून आत गेलीय का, नाकाशी धरल्यावर जळका वास येतो का. पिन मागे सरकलेली असते तेव्हा बाहेरून सगळं घट्ट बसलेलं दिसतं, लॉकचा ‘कट्’ आवाजही येतो, आणि आत ती एक पिन नुसती टेकलेली असते. कार्ड तापलं, धातू प्रसरण पावला की संपर्क कमी होतो आणि पंधरा-वीस मिनिटांनी स्क्रीन काळी होते. तुमची वेळ याच्याशी जुळते, म्हणून हे आधी बघा. तपासून झाल्यावर एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र वायरी ओढा. मॉड्युलर एसएमपीएस असेल तर वायरी त्याच्याच हव्यात, दुसऱ्या कंपनीच्या मुळीच लावू नका. कनेक्टर सारखा दिसतो, पण एसएमपीएसच्या बाजूचा पिनांचा क्रम वेगळा असू शकतो आणि कार्ड, ड्राइव्ह सगळं जाऊ शकतं.

घरातल्या विजेबद्दलही बोललं पाहिजे. आपल्याकडे घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. तुमचा पीसी गेममध्ये त्याहून जास्त ओढतो. व्होल्टेज वरखाली झालं की त्यातला रिले ‘खट’ करून बदलतो, आणि त्याच क्षणी मोठा भार असेल तर गडबड होते. चाचणीपुरता यूपीएस, स्पाइक बस्टर, एक्स्टेंशन बोर्ड सगळं बाजूला ठेवून पीसी थेट भिंतीतल्या घट्ट सॉकेटला लावा. सॉकेट सैल असेल, प्लग हलवला की ठिणगीचा आवाज येत असेल, तर आधी वायरमनला बोलवा आणि त्याच खेपेला अर्थिंगही तपासून घ्या.

दोष विजेचा आहे की नाही हे पैसे न घालवता ओळखायचा एक मार्ग आहे. एमएसआय आफ्टरबर्नर हे कार्डची सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर टाका आणि पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा. कार्ड साधारण २२५ वॉटवर बांधलं जाईल. त्याच गेममध्ये, त्याच जागी, नेहमीपेक्षा दुप्पट वेळ खेळा. क्रॅश थांबला तर वीज किंवा उष्णता, दोनपैकी एक. तरीही तसाच क्रॅश होत असेल तर एसएमपीएसवर पैसे घालू नका, रायझर आणि रॅमकडे वळा. दुसरी चाचणी अशी: पॉवर लिमिट परत १०० वर ठेवून फक्त कोअर क्लॉक १०० मेगाहर्ट्झने कमी करा. एवढ्यानेच क्रॅश थांबला तर चिपला कंपनीने दिलेला वेग आता झेपत नाही. सेकंड हँड कार्डात हे वरचेवर दिसतं.

या कार्डाचा इतिहासही तसाच आहे. सप्टेंबर २०२० मध्ये ३०८० बाजारात आलं आणि पहिल्याच आठवड्यांत पुष्कळ लोकांचे गेम डेस्कटॉपवर आपटू लागले. बूस्ट, म्हणजे चिपचा आपोआप वाढणारा वेग, २००० मेगाहर्ट्झच्या आसपास गेला की क्रॅश. चिपच्या मागच्या बाजूला बसवलेल्या कपॅसिटरवरून मोठा वाद झाला. महिनाअखेरीस एनव्हिडियाने ४५६.५५ हा ड्रायव्हर काढला आणि बऱ्याच जणांचा त्रास थांबला. ड्रायव्हर बदलला, पण त्रासाचं मूळ कार्डच्या विजेच्या आणि वेगाच्या काठावर होतं. म्हणूनच मी ३०८० वापरणाऱ्या प्रत्येकाला अंडरव्होल्ट करायला, म्हणजे चिप कमी व्होल्टेजवर चालवायला सांगतो. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल-एफ दाबून व्होल्टेज आणि वेगाचा कर्व्ह उघडा, ८५० मिलिव्होल्टला १८०० मेगाहर्ट्झच्या आसपासून सुरुवात करा आणि पुढचा कर्व्ह सपाट करा. प्रत्येक चिप वेगळी, त्यामुळे आकडा थोडा खालीवर करावा लागेल. वेगात फारसा फरक जाणवत नाही, पण विजेची ओढ आणि झटके दोन्ही चांगलेच उतरतात.

रायझरचं काम झटपट आहे. तो कॅबिनेटसोबत आलेला असेल तर पीसीआय जेन ३ चा (तिसऱ्या पिढीच्या वेगाचा) असण्याची दाट शक्यता, आणि तुमचं कार्ड, प्रोसेसर, बोर्ड तिन्ही जेन ४ वर बोलायला बघतात. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन पहिल्या स्लॉटचा वेग ‘ऑटो’वरून ‘जेन ३’ करा. गेममधला फरक डोळ्याला दिसणार नाही. त्याहून खात्रीचं म्हणजे रायझर काढून कार्ड थेट बोर्डावर बसवा आणि आठवडाभर तसंच वापरा. बसवताना कार्डच्या सोनेरी पट्ट्यांवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा कापूस फिरवा. मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात दमट खाऱ्या हवेने काँटॅक्ट काळपटतात. खोडरबर घासायची जुनी पद्धत अजून चालते, पण जोर लावून घासू नका आणि त्याचा चुरा स्लॉटमध्ये जाऊ देऊ नका.

रॅमबद्दल लोकांना पटवणं मला सगळ्यात अवघड जातं. ‘ग्राफिक्सचा प्रॉब्लेम आहे, रॅमचा काय संबंध?’ संबंध असा की ड्रायव्हर जीपीयूला पाठवायच्या आज्ञा आणि टेक्सचर आधी मुख्य रॅममध्येच तयार ठेवतो. तिथला एखादा बिट उलटला की जीपीयूकडे निरर्थक आज्ञा पोचते, तो अडकतो, दोन सेकंद जातात, आणि नाव येतं ड्रायव्हरचं. चोर सोडून संन्याशाला फाशी. माझ्याकडे आलेल्या एका पीसीत दुकानदाराने आधीच कार्ड बदलून दिलं होतं, नव्या कार्डावरही तोच क्रॅश होत होता, आणि शेवटी दुसऱ्या स्लॉटमधली रॅमची पट्टी सदोष निघाली. विंडोज सुरळीत, ब्राउझर सुरळीत, फक्त गेम पडायचे. एक्सएमपी हे कंपनीने छापून दिलेलं असलं तरी ओव्हरक्लॉकिंगच आहे. बायोसमध्ये ते बंद करा, रॅम आपल्या मूळ वेगावर, २१३३ किंवा २६६६ वर, येईल. गेम हळू वाटेल, चालू द्या. दोन-तीन संध्याकाळी नीट गेल्या तर ३६०० ऐवजी ३२०० ठेवा आणि बोर्डाचा बायोस अपडेट करा. रात्री मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी लावून झोपा. त्यात एक जरी एरर आली तरी रॅम नापास, ‘एकच तर आहे’ असं म्हणायची सोय नाही.

इंटेलचा तेराव्या-चौदाव्या पिढीचा आय७ किंवा आय९ असलेल्यांनी इथे थांबून वाचावं. २०२४ मध्ये या प्रोसेसरवर अनरियल इंजिनच्या गेममध्ये ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ अशी एरर यायची, विशेषतः शेडर तयार होताना. लोकांनी २४ जीबीची कार्डं बदलली, ड्रायव्हर बदलले. दोष प्रोसेसरचा निघाला. जास्त व्होल्टेजमुळे चिप हळूहळू झिजत होती. इंटेलने ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये बायोसमधून नवे मायक्रोकोड दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण जी चिप आधीच झिजली तिला बायोस अपडेट बरं करत नाही, ती वॉरंटीतच द्यावी लागते.

उष्णतेकडे बघताना नुसता जीपीयूचा आकडा बघू नका. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान आणि वॉट दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा आणि ‘मेमरी जंक्शन टेम्परेचर’ ही ओळ शोधा. ३०८० वर जीडीडीआर६एक्स मेमरी आहे. जीपीयू ७२ अंश दाखवतोय आणि मेमरी ११० ला टेकलीय, असं चित्र जुन्या कार्डात सर्रास सापडतं. ११० ला ती स्वतःचा वेग पाडू लागते. कारण बहुधा थर्मल पॅड (मेमरीची उष्णता हीटसिंकला देणाऱ्या मऊ पट्ट्या), ते कडक होतात, त्यातून तेल सुटतं. इथेरियमचं मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ ला थांबलं आणि त्यानंतर अशी रात्रंदिवस राबलेली कार्डं सेकंड हँड बाजारात आली, तुमचं त्यातलं असू शकतं. पॅड बदलता येतात, पण जाडी मॉडेलनुसार वेगळी असते. अंदाजाने जाड पॅड लावला तर हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही आणि मेमरी थंड, जीपीयू गरम, अशी नवी अडचण होते. कार्ड वॉरंटीत असेल तर उघडण्याआधी कंपनीला विचारा. आणि नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते, तिथे कॅबिनेटची पुढची काच काढून चाचणी घ्या, कारण खोलीचं वाढलेलं तापमान कार्डच्या आकड्यात जवळजवळ जसंच्या तसं मिळवलं जातं. उभं बसवलेलं कार्ड काचेला खेटून असेल तर पंख्यांना हवाच मिळत नाही, तेही बघून घ्या.

आता ड्रायव्हर. तो कधीच दोषी नसतो असं मी म्हणत नाही. २०२५ च्या सुरुवातीला एनव्हिडियाच्या ५७२ मालिकेने काळ्या स्क्रीनचा पुष्कळ त्रास दिला, एकामागून एक हॉटफिक्स आले आणि एप्रिलच्या ५७६.०२ मध्ये दुरुस्त्यांची लांबलचक यादी होती. त्या काळात जुन्या कार्डांचे अनेक मालक डिसेंबर २०२४ च्या ५६६.३६ वर परत गेले. ड्रायव्हरचा दोष ओळखायची खूण सोपी आहे: त्रास अपडेटच्या दिवसापासून सुरू झालेला असतो आणि जुन्या आवृत्तीवर गेलं की थांबतो. तुमचा त्रास वेगवेगळ्या आवृत्त्यांवर आणि ताज्या विंडोजवरही तसाच आहे, म्हणून मी त्याला मागे ठेवला. तरी एकदा नीट करून टाका. हवा तो ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा, इंटरनेटची वायर काढा, सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने जुना साफ करा, मग नवा टाका, आणि तो झाल्यावरच इंटरनेट जोडा. वायर काढली नाही तर विंडोज अपडेट मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं आणि सगळी साफसफाई वाया जाते.

रजिस्ट्रीत जाऊन ‘टीडीआर डिले’ दोनाचे आठ-दहा सेकंद करा, हा सल्ला तुम्हाला ठिकठिकाणी मिळेल. गेमसाठी तो करू नका. जीपीयू अडकलेलाच असेल तर दोनाऐवजी दहा सेकंद गोठलेली स्क्रीन बघाल, एवढंच. ब्लेंडरमध्ये जड रेंडर करणाऱ्याला त्याचा उपयोग होतो, कारण तिथे काम खरंच लांबलेलं असतं. मायक्रोसॉफ्टनेही ही सेटिंग चाचणी आणि डीबगिंगसाठीच ठेवली आहे.

या सगळ्यात एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत तारीख घालून लिहा: काय बदललं, कोणता गेम, किती वेळाने पडला. एकाच रविवारी रायझर काढला, एक्सएमपी बंद केलं, ड्रायव्हर बदलला आणि क्रॅश थांबला, तर कशाने थांबला ते कळणार नाही आणि तुम्ही रॅम कायम हळू ठेवून खेळत राहाल. तुमच्यासाठी क्रम असा: आज कनेक्टर तपासून दोन वायरी आणि थेट सॉकेट, उद्या पॉवर लिमिट ७० ची चाचणी, मग रायझर, मग एक्सएमपी. एचडब्ल्यूइन्फोचं लॉगिंग पूर्ण वेळ चालू ठेवा म्हणजे क्रॅशच्या आधीच्या सेकंदातले वॉट आणि तापमान फाइलमध्ये मिळेल.

एवढं करूनही थांबलं नाही तर कार्ड एखाद्या मित्राच्या पीसीत, ७५० किंवा त्याहून मोठ्या चांगल्या एसएमपीएसवर लावा. तिथेही पडलं तर दोष कार्डात आहे हे नक्की. मग वॉरंटी शोधा. काही कंपन्या सिरियल नंबरवर ती देतात, काहींना मूळ बिल लागतं, म्हणून विकणाऱ्याकडून बिल आजच मागून ठेवा. वॉरंटी संपलेली असेल तर दुरुस्तीवाल्याला पहिलाच प्रश्न विचारा की मेमरीची चिप तपासून बदलतोस की नुसतं हीट गनने गरम करून देतोस. गरम करून दिलेलं कार्ड काही आठवडे चालतं आणि पुन्हा पडतं, आणि तोवर त्याची पैसे परत करायची मुदत संपलेली असते.